सासऱ्यांची पेटी, दोन ॲप आणि एकवीस हजारांचा क्लास

प्रश्न : माझं वय ५१, बी.कॉम. झालेय, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. सासरे पत्रिका बघायचे, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडं आली. जुनी पंचांगं, हातानं लिहिलेल्या चार वह्या आणि काही संस्कृत पुस्तकं आहेत. मुलं मार्गी लागलीत, म्हणून आता ज्योतिष शिकायचं मनावर घेतलंय. पण व्हिडिओ बघावेत तर एक जण एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट. भाचीची पत्रिका दोन ॲपवर काढली, एकात चित्रा नक्षत्र आलं, दुसऱ्यात स्वाती. एका क्लासवाल्यांचा सारखा फोन येतोय, ‘२१ दिवसांत प्रमाणपत्र, फी २१ हजार’. मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड आहे. आणि शिकायला सुरुवातही झाली नाही तोवर शेजारच्या काकू मुलीची पत्रिका घेऊन दारात. म्हणतात, मंगळ आहे का तेवढं बघ. भरवशाचं कुठं आणि कसं शिकू?

उत्तर : ताई, आधी पैशाचं बोलून टाकू. ते एकवीस हजार भरू नका. एकवीस दिवसांत हातानं लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, काढायला आली तरी पुष्कळ झालं, फळ सांगणं लांबच. प्रमाणपत्राचं म्हणाल, तर आपल्याकडं ज्योतिषाला सरकारी परवाना लागतच नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, तसलं इथं काही नाही. शास्त्री, पंडित, भास्कर या पदव्या खासगी संस्था आपापल्या परीक्षा घेऊन देतात. परीक्षा कडक असेल तर त्या निमित्तानं अभ्यास होतो, एवढाच तिचा उपयोग. विद्यापीठाचाच शिक्का हवा असेल तर तोही मिळतो. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान आणायचं ठरवलं, काही शास्त्रज्ञ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००४ मध्ये निकाल यूजीसीच्या बाजूनं लागला. इग्नू या मुक्त विद्यापीठानं २०२१ मध्ये ज्योतिष विषयात एम.ए. सुरू केलं. ते घरबसल्या करता येतं, पण माध्यम हिंदी आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठातही ज्योतिषाचे अभ्यासक्रम आहेत. तुमच्याकडं पदवी आहे, तेव्हा वाट मोकळी आहे. पण वर्षभर घरी अभ्यास करून मग त्या वाटेला जा, म्हणजे तिथं काय शिकवतात ते तुमचं तुम्हाला तोलता येईल.

आता त्या दोन ॲपकडं येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. चित्रा का स्वाती, हा घोळ तुम्ही नीट सोडवलात तर भरवशाचं साधन कसं ओळखायचं हे निम्म्यानं कळलं म्हणून समजा.

दोन्ही ॲपच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘अयनांश’ हा शब्द शोधा. बहुधा एकात लाहिरी असेल, दुसऱ्यात रामन किंवा आणखी कुठले. अयनांश म्हणजे काय ते तुम्ही दर वर्षी अनुभवता. मकरसंक्रांत येते १४-१५ जानेवारीला, पण दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरपासूनच. मधले हे चोवीसएक दिवस. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणजे हा झाला चोवीसएक अंशांचा फरक. ऋतूंवरून मोजलेलं राशिचक्र आणि ताऱ्यांवरून मोजलेलं राशिचक्र यांच्यातलं हे अंतर दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंशानं वाढतं. आता ताऱ्यांचं चक्र नेमकं कुठून सुरू झालं असं धरायचं, यावर जुन्या काळापासून वाद आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं १९५५ च्या अहवालात चित्रा तारा प्रमाण मानून आकडा ठरवून दिला. त्यालाच लाहिरी किंवा चित्रापक्ष म्हणतात. ज्योतिषी बी. व्ही. रामन यांचे अयनांश त्याहून सुमारे दीड अंशानं कमी.

दीड अंश म्हणजे किरकोळ वाटेल. पण समजा, तुमच्या भाचीचा चंद्र लाहिरीनं तुळेत ६ अंशांवर आहे. चित्रा नक्षत्र तुळेच्या ६ अंश ४० कलांना संपतं (६० कलांचा एक अंश), म्हणजे ती चित्रेची. रामनच्या हिशेबात अयनांश कमी वजा होतात, म्हणून तोच चंद्र साडेसात अंशांच्या आसपास येतो, म्हणजे ती स्वातीची. मग विंशोत्तरी दशा लावा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून आयुष्याची वर्षं ग्रहांना वाटून द्या. पहिल्या हिशेबात जन्मवेळी मंगळाच्या ७ वर्षांच्या महादशेतले जेमतेम चार महिने शिल्लक आहेत. दुसऱ्यात राहूच्या १८ वर्षांतलं एक वर्ष उलटून गेलेलं आहे. पुढं ‘लग्न कधी, नोकरी कधी’ म्हणून जे काही सांगितलं जाईल त्यातल्या तारखा सव्वा-दीड वर्षानं इकडच्या तिकडं होणार. चंद्र आकाशात आहे तिथंच आहे हं, बदललंय ते फक्त मोजमाप सुरू करायचं ठिकाण.

आपल्या मराठी मुलखात तर याहून मोठा फरक नांदतो. दाते पंचांग चित्रापक्षाचं. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, म्हणजे रेवतीतला तारा प्रमाण मानणारं, त्याचे अयनांश साधारण चार अंशांनी कमी. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं, म्हणजे या दोन पंचांगांवरून पत्रिका मांडल्या तर दहातल्या तिघांचं जन्मनक्षत्रच बदलेल. कोकणातली एखादी सोयरीक आली आणि तिकडची पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली असली, तर गुणमेलनाचा आकडा जुळायचा तरी कसा?

म्हणून भरवशाच्या साधनाची माझी पहिली खूण ही : आकडा कुठून आला ते ते सांगतं का? अयनांश कोणते धरलेत, सूर्योदय कुठल्या गावचा आहे, वाक्य कुठल्या ग्रंथातलं आहे. जे सांगतं ते पडताळता येतं. जे सांगत नाही ते पुस्तक असो, ॲप असो, नाही तर भगवी शाल घेतलेले गुरुजी असोत, सोडून द्या. एवढ्या एका खुणेवर मोबाईलवरचे नव्वद टक्के व्हिडिओ गळतील. (नव्वद हा माझा अंदाज. तुमचा बहुतेक त्याच्याही वर जाईल.)

सुरुवात फलितापासून करू नका, गणितापासून करा, आणि गणिताच्याही आधी आकाशापासून. यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. तुम्ही किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात कितीदा गेला असाल. ९ ते ११ नोव्हेंबरच्या सुमारास मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांवरून वर चढत जातात. तेच पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. या दोनच वेळा का, हे कधी मोजून बघितलंय? २१ डिसेंबरपासून मागं एक्केचाळीस दिवस मोजा, १० नोव्हेंबर येतो. पुढं बेचाळीस मोजा, १ फेब्रुवारी येते. दक्षिणेकडं जाताना सूर्य क्षितिजावरच्या ज्या बिंदूला मावळतो, उत्तरेकडं परतताना पुन्हा त्याच बिंदूला मावळतो. देऊळ पश्चिमेला तोंड करून त्या बिंदूच्या समोर उभं आहे. आता पंचांग उघडून बघा. नोव्हेंबरात त्या दिवशी रवी तुळेत आहे, फेब्रुवारीत मकरेत. मावळतीचा बिंदू एकच, राशी दोन. हे कोडं स्वतः कागदावर सोडवलंत की क्रांती (सूर्याचं विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर), अयन, राशी हे शब्द पाठ करावे लागणार नाहीत. जोडीला स्टेलेरियम हे फुकटचं ॲप घ्या. पावसाळा संपला की ढग नसलेल्या रात्री गच्चीवर जाऊन गुरू, शनी, मंगळ डोळ्यांनी ओळखायला शिका. वर्षानुवर्षं शनीच्या साडेसातीवर बोलणाऱ्या कितीतरी लोकांनी शनी कधी आकाशात बघितलेला नसतो.

मग पंचांग. दर वर्षी घरात येतं, खुंटीला लटकतं आणि चतुर्थी कधी एवढंच आपण त्यात बघतो. ते पहिल्या पानापासून वाचा. सूर्योदय कुठल्या गावचे छापलेत, ग्रह कुठल्या वेळेचे दिलेत, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सरकारचं राष्ट्रीय पंचांगही असतं, कोलकात्याचं खगोल केंद्र ते तयार करतं आणि मराठीतही निघतं. त्यातले आकडे तुमच्या पंचांगाशी ताडून बघायला चांगले.

कोल्हापूर ७४ अंश १४ कला पूर्व रेखांशावर आहे, आणि आपली घड्याळं चालतात साडेब्याऐंशी अंशांच्या वेळेवर. त्यामुळं इथला सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी. पत्रिका हातानं करताना ही ३३ मिनिटं वजा करायला विसरलात तर पत्रिकेतलं लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारा बिंदू, आठएक अंशांनी चुकतं. ॲप हे गुपचूप करतं, म्हणून ते आपल्याला कळतच नाही. पहिल्या पंचवीसेक पत्रिका हातानं करा आणि मग ॲपशी ताडा. संगणकावर ‘जगन्नाथ होरा’ मोफत मिळतं. दिसायला रुक्ष आहे, पण अयनांश कोणते हवेत ते स्वच्छ विचारतं.

आणि ताई, तुमच्याकडं एक असं साधन आहे जे कुठल्याही क्लासात मिळणार नाही. सासऱ्यांच्या वह्या. त्यात पत्रिकेच्या डोक्यावर ‘इष्टकाल घ. १२ प. ३०’ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. म्हणजे सूर्योदयापासून १२ घटी ३० पळं गेल्यावर जन्म. घटी २४ मिनिटांची, तेव्हा हे बरोबर पाच तास झाले. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून २ मिनिटांनी असेल तर जन्म ११ वाजून २ मिनिटांचा. त्या वर्षाचं पंचांग पेटीत असेलच. त्यावरून तुम्ही कुंडली मांडा आणि मग वहीचं पान उघडून ताडून बघा. उदाहरण त्यांचं, उत्तरही त्यांनीच लिहून ठेवलेलं. ही घटी-पळं जुनाट म्हणून हसण्यावारी नेऊ नका. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं केलेली होती, शिवाय मुंबईची वेळ १९५५ पर्यंत वेगळी चालायची. त्या काळातल्या पत्रिकेत नुसतं ‘सकाळी ९’ लिहिलेलं असलं तर कुठलं ९ हे शोधत बसावं लागतं. सूर्योदयापासून मोजलेली वेळ या भानगडीत सापडत नाही.

एक मात्र बजावते. त्या वह्यांत दुसऱ्यांच्या घरच्या पत्रिका आहेत. त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, ‘अमक्याचा शनी बघा’ म्हणून नाव घेऊन चर्चा करू नका. सासऱ्यांनी पैसे घेतले नाहीत आणि लोकांनी विश्वासानं वेळा सांगितल्या. तो विश्वास आता तुमच्याकडं आलाय.

पुस्तकांचं बोलू. पेटीत संस्कृत काय आहे ते तुम्ही कळवलं नाहीत, पण लघुपाराशरी असण्याचा संभव आहे. तिथून सुरू करा. चाळीसेक श्लोकांचं इवलंसं पुस्तक, सगळा भर दशांवर. त्यानंतर वराहमिहिराचं बृहज्जातक, सहाव्या शतकातलं. मग मंत्रेश्वराची फलदीपिका. ही तिन्ही टीकेसह, म्हणजे अर्थ उलगडून सांगणाऱ्या विवरणासह मिळतात. मराठी टीका मिळाली तर उत्तम, हिंदी तर हमखास मिळते. बृहत्पाराशर होराशास्त्राला सगळ्यात जास्त मान आहे, पण ते मागाहून घ्या. त्याच्या वेगवेगळ्या छापील आवृत्त्यांत अध्यायांची संख्यासुद्धा जुळत नाही. म्हणून व्हिडिओत कुणी ‘पराशर ऋषी म्हणतात’ म्हणालं की मनात विचारायचं, कुठल्या आवृत्तीत, कुठल्या अध्यायात? कालसर्पाचंच घ्या. त्याच्या शांतीवर माणसं हजारो रुपये घालवतात, आणि बृहज्जातक अथपासून इतिपर्यंत वाचा, कालसर्प योग त्यात सापडत नाही.

या सगळ्याच्या बरोबरीनं मराठीतलं एक पुस्तक वाचाच, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं भारतीय ज्योतिषशास्त्र. १८९६ सालचं. त्यात भविष्य सांगायला शिकवलेलं नाही. आपलं पंचांग, सिद्धांतग्रंथ, कोण कुठल्या शकात होऊन गेला, कुणाचं गणित कुठं चुकलं, याचा तो इतिहास आहे. मूळ मुरूडचा हा शिक्षक माणूस पंचेचाळिशीच्या आत गेला आणि एवढं काम करून गेला. भाषा जुनी आहे, महिनाभरात सवय होईल. नेटवर स्कॅन प्रत फुकट मिळते. कागदावर वाचायचं असेल तर आधी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, जुनी पुस्तकं मागायला तिथं लाजायचं कारण नाही.

कृष्णमूर्ती पद्धत, म्हणजे केपी, हिचा सध्या बोलबाला आहे. राशिचक्राचे २४९ तुकडे करून त्यावरून प्रश्नाचं उत्तर काढतात. शिकायची तर शिका, पण पारंपरिक पद्धतीचं एक आवर्तन झाल्यावर. दोन्ही एकदम सुरू केल्यात तर या पद्धतीत नाही जमलं की त्या पद्धतीत जुळवायचं, अशी वाईट खोड लागते.

शिक्षक मिळाला तर बरंच. घराजवळ विचारा, एखादे पंचांगकर्ते गुरुजी, एखादे निवृत्त मास्तर भेटतील. पहिल्याच भेटीत ‘हातानं कुंडली मांडायला शिकवाल का’ एवढं विचारा. ‘आता ॲप असताना कशाला’ म्हणाले तर नमस्कार करून या. पहिल्याच तासाला तुमच्या बोटात पुष्कराज घालायला निघाले तर नमस्कारही नको.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, जन्मानं आपल्या कोल्हापूरचेच, यांनी सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी केली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेतल्या, पत्रिका केल्या आणि ज्योतिषांना पाठवल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली एवढंच ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली. एका संस्थेनं सगळ्या २०० तपासल्या, १०२ बरोबर आल्या. डोळे मिटून उत्तरं दिली असती तरी निम्मी बरोबर आलीच असती. २००९ मध्ये हे करंट सायन्स या नियतकालिकात छापून आलं. मला स्वतःला पत्रिकेवरून कुणाचं पुढचं कळतं असं वाटत नाही. तरीही शिकू नका म्हणत नाही, कारण त्या पेटीत गणित आहे, भाषा आहे आणि तुमच्या घरातल्या माणसाचं आयुष्यभराचं काम आहे. एवढ्यासाठी माणसानं दोन-तीन वर्षं घालवली तर ती वाया जात नाहीत.

पण तुमचं मत तुम्हीच बनवा, आणि माझ्या शब्दावर नको. एक पाचवी वही घाला. घरातल्या माणसांबद्दल जे काही पत्रिकेवरून दिसतं असं वाटेल ते आधी लिहायचं, तारखेसकट, आणि मोघम नको. ‘त्रास संभवतो’ चालणार नाही. ‘या दिवाळीच्या आत बदली’ असं लिहायचं. समोर आणखी एक रकाना ठेवायचा, मुदत संपली की त्यात काय झालं ते टिपायचं. घडून गेल्यावर ग्रह शोधायला गेलं तर दर वेळी सापडतातच. सासऱ्यांच्या वह्यांतही भाकितं लिहिलेली असतील तर ती आणि मिस्टरांची आठवण समोरासमोर ठेवून बसा एकदा. चहा जास्त टाका, वेळ लागेल.

आता शेजारच्या काकू. मंगळ आहे का, हे बघणं दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच घरं. म्हणजे शंभर मुलींत चाळीसएक मुली मंगळाच्या निघणार, आणि मुलगेही तेवढेच. काही जण दुसरं घरही धरतात, मग निम्मं गावच मंगळाचं. याच मंगळाला अपवादही इतके सांगितलेत की ज्याला सोयरीक करायचीय त्याला अपवाद सापडतो आणि ज्याला मोडायचीय त्याला मंगळ. काकूंना हा हिशेब सांगा, कागदावर मांडून दाखवा. वर एवढं सांगा, की मी अजून शिकतेय, माझ्या शब्दावर मुलीचं स्थळ ठरवू नका आणि मोडू तर मुळीच नका. मुलगा काय करतो, घरात कुणी पितं का, दोघांचे रक्ताचे रिपोर्ट काय म्हणतात, याची चौकशी करायला मात्र त्यांच्याबरोबर जरूर जा.